बर्फावरची डिस्क

खाणं सोडून बाटलीच्या काचेवर चढू लागलेली फळमाशीची अळी मी निवडते. दोन चिमट्यांनी तिचे दोन तुकडे करायचे आणि पुढचा अर्धा भाग मोज्यासारखा उलटा करायचा. चरबी हलकेच बाजूला सारली की श्वासनळीला लगटलेली पंखाची डिस्क दिसते. पुढे पंख होणारी ही पेशींची घडी उघड्या डोळ्यांना जेमतेम जाणवते.

नेहमीच्या पद्धतीत डिस्क आधी फिक्स करतात, म्हणजे रसायनाने आहे तशी स्थिर करतात, मग डिटर्जंटने पेशींचं पटल सैल करतात. मग हव्या त्या प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी अँटीबॉडी पेशीच्या आत-बाहेर सगळीकडे पोचते. विंगलेस हे संकेत-प्रथिन पाहताना मला ते पुरत नाही, कारण बाहेर किती आणि पेशींनी गिळलेलं किती, हे कळतच नाही. म्हणून जिवंत डिस्क बर्फावर ठेवून अँटीबॉडी आधी द्यायची. थंडीत पेशींचं गिळणं थांबतं, त्यामुळे फक्त बाहेरचं विंगलेस उजळतं. मग धुवायचं, मग फिक्स करायचं. घाईच्या हाताने हे काम करूच नये. नेहमीच्या पद्धतीत मधोमध ठसठशीत रेघ आणि बाजूंना ठिपके दिसतात. इथे दोन्हीकडे लांबवर फिकट होत जाणारा उजेड दिसतो.

असं संकेत-प्रथिन कुठवर जाईल, हे ते बनवणाऱ्या पेशी एकट्याने ठरवत नाहीत. घेणाऱ्या पेशींचे रिसेप्टर, म्हणजे संकेत पकडणारी प्रथिनं, तीही ठरवतात. 1996 मध्ये यू चेन आणि गॅरी स्ट्रुल यांनी हेजहॉग या दुसऱ्या संकेत-प्रथिनाच्या बाबतीत हे फार सुंदर दाखवलं. हेजहॉग डिस्कच्या मागच्या भागात बनतं आणि सीमेपलीकडच्या पेशींना मिळतं. ते मिळताच त्या पेशी त्याचा रिसेप्टर, पॅच्ड, आणखी बनवतात आणि हेजहॉगला तिथेच अडवतात. सीमेवर पॅच्ड नसलेल्या पेशींचा पुंजका असला, तर हेजहॉग तो ओलांडून पुढे जातं.

विंगलेसची तऱ्हा उलटी. ते जवळच्या पेशींमधला आपलाच रिसेप्टर, फ्रिझल्ड-2, कमी करतं, हे 1998 मध्ये रोएल नुसे यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. आणि हा रिसेप्टर कृत्रिमरीत्या वाढवला तर विंगलेस अडत नाही, उलट नष्ट व्हायचं वाचतं आणि दूरवर दिसू लागतं. एकाच डिस्कमध्ये एक रिसेप्टर वाट अडवतो, दुसरा प्रथिन टिकवतो! म्हणून नुसत्या विंगलेसच्या चित्रावर माझा भरवसा नाही. कडेला उजेड कमी दिसला, तर प्रथिन तिथे पोचलंच नाही की पोचून लगेच गिळलं गेलं, हे एका चित्रातून सांगता येत नाही. त्याच डिस्कवर रिसेप्टरही रंगवावा, असा माझा आग्रह असतो.

2016 मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या सत्यजित मेयर यांच्या गटाने आणखी एक पदर उलगडला. विंगलेस आणि फ्रिझल्ड-2 वेगवेगळ्या वाटांनी पेशीत शिरतात, आणि त्यांची गाठ आतल्या आम्लधर्मी पिशव्यांमध्ये पडते. तेव्हापासून काही डिस्क मी बर्फावरून काढून थोडा वेळ उबेला ठेवते, पेशींना गिळू देते आणि मगच फिक्स करते. संकेत पेशीच्या पृष्ठभागावरच पकडला जातो असं धरून काढलेले जुने निष्कर्षही आता याच नजरेने पुन्हा वाचते आहे.