चौघांना एकदम पित्त होत नाही

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक झाली. ती मासिकात लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घोळत होतो. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "लिही. बक्षिसांबद्दल सगळेच लिहितात."

पप्पांची बदली शिमल्याजवळ झाली होती. क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून आम्ही छावणीबाहेर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आई, आठ वर्षांची छकुली आणि साताऱ्याहून मुद्दाम आणलेली आजी. "आरं, हितं माणसं ऱ्हात्यात तरी कशी?" हे आजीचं रोजचं वाक्य. विजेचा हीटर होता, पण बर्फ पडला की हमखास वीज जायची. शेजारचे एक हवालदारकाका बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांनी आपला गॅसचा हीटर आम्हाला दिला.

तो मी बसवला. पप्पा ड्यूटीवर होते. त्यांची वाट पाहायला हवी होती, पण दहावीतल्या कॅडेटला कुणाची वाट पाहायची नसते! बाजारातून आयएसआय मार्क असलेली नवी नारिंगी नळी आणली. दोन्ही टोकांना क्लिप आवळल्या. सिलिंडर उभाच ठेवला, हीटरपासून लांब. मग साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावला. एकही बुडबुडा आला नाही. "गळती तपासायला काडी ओढायची नसते," असं मी आजीला ऐटीत सांगितलं. शेवटी थंडी आत येऊ नये म्हणून झरोक्यात वर्तमानपत्रं कोंबली आणि दाराखाली टॉवेल सारला.

संध्याकाळी सहाला हीटर पेटवला. खोली छान ऊबदार झाली. आजीने पहिल्यांदाच शाल बाजूला ठेवली. मला वाटलं, मोहीम फत्ते.

सातच्या सुमारास आजी म्हणाली, "माजं डोस्कं जड झालंय." मी म्हणालो, "आजी, तुला थंडी पण नको आणि ऊब पण नको!" थोड्या वेळाने आईला मळमळायला लागलं. पित्त झालं असेल म्हणून तिने आलं-लिंबू घेतलं. छकुली न जेवताच झोपली. मी गणितं सोडवत होतो आणि साधी बेरीज तीनदा चुकली. माझंही डोकं ठणकत होतं. खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं आणि हीटरच्या निळ्या ज्योतीला पिवळी टोकं आली होती. हे सगळं मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

साडेआठला पप्पा आले. घरात बूट घालून यायचं नाही हा आजीचा कायदा. पप्पांनी तो आजवर कधी मोडला नव्हता. त्या दिवशी ते बुटांसकट सरळ आत आले. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, झरोक्यातले कागद ओढून काढले आणि छकुलीला उचलून बाहेर व्हरांड्यात नेलं. आम्हालाही बाहेर काढलं. मग विचारलं, "कुणाकुणाचं डोकं दुखतंय?" आम्ही तिघांनी हात वर केले. छकुली हाक मारल्यावर नुसती कण्हत होती. आई म्हणाली, "अहो, पित्त असेल." पप्पा म्हणाले, "चौघांना एकदम पित्त होत नाही."

गाडी मागवून त्यांनी आम्हाला इस्पितळात नेलं. बोटाला लावायच्या यंत्रावर छकुलीचा ऑक्सिजन ९८ दिसत होता. मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "या आकड्यावर जाऊ नकोस. हे यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करत नाही." आम्हा चौघांना मास्क लावले. बऱ्याच वेळाने छकुलीने डोळे उघडले आणि "मला भूक लागलीय" म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

मी काय चुकलो होतो? मी गळती तपासली, पण भलत्याच गॅसची. सिलिंडरमधला गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड नळीतून येत नाही. पुरेशी हवा न मिळता जळणाऱ्या ज्योतीतून तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

नंतर मी ढोबळ हिशोब केला. १ किलो गॅस पुरता जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ४ किलोवॅटचा हीटर तासाला साधारण ३०० ग्रॅम गॅस जाळतो. आमच्या खोलीत सारी मिळून २५ घनमीटर हवा. अडीच तासांत एक तृतीयांशाहून जास्त हवा त्या ज्योतीने खाल्ली असणार, आणि नवी हवा यायची वाट मीच बुजवली होती.

पप्पा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वर पोस्टवर आम्ही बुखारी पेटवायचो. बाहेर कितीही उणे असलं तरी झोपण्याआधी ती विझवायची. आणि तिचा धुराचा पाइप बर्फाने किंवा काजळीने चोंदला नाही ना, ते रोज बघायचं. चल, या हीटरच्या स्टँडिंग ऑर्डर्स लिही." मी लिहिल्या, त्या अशा:

१. धुराडं नसलेला हीटर लावल्यावर झरोका उघडा आणि खिडकी बोटभर उघडी.
२. झोपण्याआधी हीटर बंद, रेग्युलेटरही बंद. शेगडी, कोळसे यांनाही हाच नियम.
३. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बंद करून मेकॅनिकला दाखवायचा.
४. एकाहून अधिक जणांना डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर आधी सगळ्यांनी बाहेर, मग डॉक्टर.
५. गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडून बाहेर जायचं आणि तिथून १९०६ ला फोन करायचा.

सहावी ऑर्डर पप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिली: "आजी काही म्हणाली तर ऐकायचं."

ऑर्डर्स लिहून झाल्यावर मी साताऱ्याला काकांना फोन केला. त्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे आणि पावसाळ्यात पाणी येतं म्हणून तिथला झरोका फळी ठोकून बंद केलेला, हे मला आठवलं. काका आधी हसले. मी इस्पितळाचं सांगितल्यावर गप्प झाले. आता गीझर बाहेरच्या भिंतीवर आहे; आत फक्त गरम पाण्याचा नळ येतो.

मार्चमध्ये शाळेचा कॅम्प होता. रात्री एक ज्युनिअर कुकहाउसमधून पत्र्याच्या डब्यात निखारे घेऊन तंबूत आला. सगळे खूश झाले. मी डबा उचलून बाहेर नेला आणि निखाऱ्यांवर माती टाकली. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, खूप थंडी आहे." खरंच होती. मी माझी एक कांबळ त्याला दिली आणि तंबूचं दार थोडं उघडं ठेवून झोपलो.