आधी बोट, मग ट्रिगर!

नवा मोबाइल दिसला की जुना नकोसा होतो, तसंच पिस्तूल शूटिंगचंही. रविवारी रेंजवर निघालेली आमची गँग शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, की हमखास एकच विषय. ‘यार, ट्रिगर जड लागतोय. हलका करून घेऊ?’

बॉस, जरा थांबा! २५ मीटरच्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्ट पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान १००० ग्रॅम वजन पेलावंच लागतं. मॅचमध्ये ते चक्क वजन टांगून तपासतात. शिवाय नको इतका हलका ट्रिगर म्हणजे बोट टेकताच गोळी. इथं गंमत नाही.

आणि हलक्यानंच मेडल मिळतं थोडंच? कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये ३४-३४ अशा बरोबरीनंतर शूट-ऑफमध्ये गोल्ड जिंकलं. दोघी फायनलिस्टना किलोचा नियम एकच होता.

म्हणून माझ्या गोळ्या डावीकडे खाली जायला लागल्या, की मी आधी बोट तपासते. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, नळी टार्गेटकडे, पिस्तूल ड्राय-फायरवर. मग नळीवर पुढच्या साइटजवळ नाणं ठेवायचं आणि ट्रिगर हळूच दाबायचा. नाणं पडलं, तर बोट झटका देतंय. नाणं जागेवर, पण ट्रिगर मध्येच अडखळतोय, तर सरळ लायसन्सवाला गनस्मिथ गाठायचा. व्हिडिओ बघून घरी स्प्रिंगशी खेळणं? अजिबात नाही.

नवा ट्रिगर हजारोंचा, नाणं एक रुपयाचं. आधी रुपया खर्च करून बघा ना!