सांधणारा हात

अनेकांच्या रचना एकत्र करून काढलेल्या संग्रहाकडे आपण बहुधा किंचित उपेक्षेने पाहतो; त्यात एका प्रतिभेचा विलास नसतो, असलाच तर प्रकाशकाचा व्यवहार असतो, अशी आपली समजूत. न्यूयॉर्कच्या रॉकस रेकॉर्ड्सने १९९७ साली काढलेला 'साउंडबॉम्बिंग' हा हिप हॉपचा संग्रह ऐकताना ही समजूत फार वेळ टिकत नाही. वास्तविक त्यातील बराचसा माल बारा इंची तबकड्यांवरून आधीच सुटासुटा बाजारात येऊन गेलेला होता. मॉस डेफ, तालिब क्वेली, कंपनी फ्लो ही तबकड्यांच्या दुकानांत आणि अपरात्रीच्या रेडिओ कार्यक्रमांत ओळखली जाणारी मंडळी. आणि या साऱ्यांची मोट बांधण्याचे काम ब्रुकलिनच्या डीजे ईव्हिल डी याच्याकडे सोपवलेले.

त्याने केवळ अनुक्रम लावला असता, तर दप्तरदार म्हणून त्याची बोळवण करता आली असती. परंतु एक गाणे संपण्यापूर्वीच दुसऱ्याचा ताल एका कानाच्या हेडफोनात जुळवून घ्यायचा, तबकडीखालच्या नमद्यावर ती बोटांनी मागेपुढे सरकवीत नेमका ठोका गाठायचा, तिचा वेग केसभर कमीजास्त करायचा आणि मधला फेडर अलगद पलीकडे ढकलायचा, या डीजेच्या हस्तव्यापारातून जे निष्पन्न होते त्याला अनुक्रम म्हणणे अन्यायाचे आहे. असा संग्रह कोणी सुटा करून, क्रम उलटासुलटा करून ऐकू लागला, की जुन्या भिंतीतून उपटलेल्या दगडाला चुना चिकटून यावा तसे एका गाण्याच्या शेपटाला पुढच्याचे ठोके चिकटून येतात.

१९९९ च्या दुसऱ्या खंडासाठी तर रॉकसने लॉस एंजेलिसच्या बीट जंकीज या डीजेंच्या चमूतील जे-रॉक आणि बाबू यांना पाचारण केले. अमेरिकी हिप हॉपमधील पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वैराच्या छायेत तुपाक शकुर आणि नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरांच्या हत्या होऊन फार काळ लोटला नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निवडीचे मोल कळते.

आता थोडे तिजोरीविषयी. ब्रायन ब्रेटर आणि जॅरेट मायर यांनी १९९५ मध्ये स्थापिलेल्या या कंपनीमागे जेम्स मर्डोक यांचे पाठबळ होते आणि पुढे त्यांच्या वडिलांच्या न्यूज कॉर्पोरेशनचे भांडवल. म्हणजे बड्या कंपन्यांची ताबेदारी झुगारल्याचा पुकारा करणाऱ्या कवींचा जमाखर्च अखेर एका बलाढ्य वृत्तसाम्राज्याच्या खतावणीत पडत होता. याला दांभिकपणा म्हणण्याची घाई मी करणार नाही. कंपनी फ्लोने दुसऱ्या खंडातील 'पेट्रिऑटिझम'मध्ये अमेरिकी राष्ट्राभिमानाची जी चिरफाड केली, तिचा खर्च त्याच तिजोरीतून निघावा, याची मला, खरे सांगायचे तर, गंमतच वाटते.

कंपनी फ्लोचा एल-पी मात्र या आश्रयात रमला नाही. रॉकसचा निरोप घेऊन त्याने डेफिनिटिव्ह जक्स ही स्वतःची कंपनी थाटली. आणि तिच्या नावाने आरंभीच, २००१ साली, जे बाहेर पडले त्यातही एक संग्रहच होता, 'डेफ जक्स प्रेझेंट्स'. त्यात कॅनिबल ऑक्स, एसप रॉक, आरजेडी-टू अशी नवी मंडळी होती, आणि कंपनी फ्लोही.