कांचेच्या पेटीस भोंक

भरलेलें घर आणि भरलेलें भांडें यांविषयीं आपल्या मनांत एक शुभ भावना असते. फुटकें भांडें घरांत ठेवूं नये, ही शिकवण तर आपणां सर्वांस लहानपणींच मिळालेली. अशा स्थितींत धडधाकट भांड्यास आपण होऊन भोंक पाडावयाचें, ही कल्पनाच प्रथमदर्शनीं अभद्र वाटते. म्हणून माशांच्या नव्या कोऱ्या कांचपेटीच्या मागील तावदानास दोन भोंकें पाडण्याचा प्रस्ताव आमच्या पुतण्यानें मांडला, तेव्हां घरांतील वडील मंडळींपैकीं प्रत्येकानें आपापल्या परीनें हरकत घेतली यांत नवल नाहीं. त्या हरकतींचा विचार करतां करतां आम्हांस जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व तितकीच उंच. कांठोकांठ भरल्यास तींत २४३ लिटर पाणी मावतें. म्हणजे केवळ पाण्याचेंच वजन जवळजवळ अडीचशें किलो. ती ठेवावयाची माडीवरच्या दिवाणखान्यांत, आणि त्याच्या बरोबर खालीं आमच्या वृद्ध काकूंची निजावयाची खोली. हरकत नुसत्या शकुनाची नव्हती, ती अशी.

आतां भोंकाचें प्रयोजन काय? माशांच्या उत्सर्गापासून पाण्यांत अमोनिया होतो, व तो त्यांस विषासमान असतो. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात, तेव्हां त्याचा जोर बराच ओसरतो. या जंतूंस वस्तीला जागा पाहिजे आणि त्यांवरून पाणी वाहतें पाहिजे. ही सारी यंत्रसामग्री शोभेच्या पेटींत घातली तर शोभाच नाहींशी होते. म्हणून खालच्या कपाटांत दुसरी टाकी ठेवितात. हौशी मंडळी तिला ‘संप’ म्हणतात. वरचें पाणी खालीं उतरावें, तेथें शुद्ध व्हावें आणि पंपानें पुनः वर चढावें, अशी ही योजना.

ही युक्ति कालपरवांची नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यालय उघडलें. पुढें १८७१ मध्यें त्याच शहराच्या क्रिस्टल पॅलेस येथें विल्यम आल्फर्ड लॉइड यांनीं मत्स्यालय उभारलें, तेव्हां प्रेक्षकांस दिसणाऱ्या पेट्यांच्या कितीतरी पट पाणी त्यांनीं खालच्या काळोख्या हौदांत ठेविलें व तें पंपांनीं अखंड फिरतें राखिलें. शोभेचें पाणी थोडें आणि आधाराचें पाणी पुष्कळ, हें त्यांचें सूत्र. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास तें निराळें समजावून सांगावयास नको. दिवाणखान्याची शोभा माजघराच्या न दिसणाऱ्या कष्टांवरच चालत असते.

“परंतु भोंक न पाडतां पाणी उतरवितां येत नाहीं काय?” असें आमच्या वडील बंधूंनीं विचारिलें. येतें. कांठावरून वांकडी नळी टाकून वक्रनलिकेच्या तत्त्वानें पाणी खालीं आणतां येतें. मात्र त्या नळींत हवेचे बुडबुडे सांचत जातात व केव्हां तरी धार तुटते. धार तुटली तरी खालचा पंप आपलें काम सोडीत नाहीं. तो पाणी चढवीतच राहतो आणि तें कांठावरून जमिनीवर येतें. भोंकांतून उतरणाऱ्या पाण्यास धार धरून ठेवावी लागत नाहीं. तें आपल्या भारानेंच उतरतें.

शिवाय भोंक तळाशीं नसतें, वरच्या कांठाजवळ असतें. त्याच्याभोंवतीं आंतून कांचेची एक लहान कोठी चिकटवितात व मासे आंत जाऊं नयेत म्हणून तिच्या कांठास दाते ठेवितात. पाणी त्या कांठापर्यंत चढलें तरच कोठींत पडतें. म्हणजे भोंकावाटे जातें तें केवळ अधिक झालेलें पाणी. मूळ ठेव शाबूत राहते. ही गोष्ट पटल्यावर बंधूंची हरकत पुष्कळशी मावळली.

प्रत्यक्ष कामांत पहिली परीक्षा कांचेची. उष्णतेनें कडक केलेली, म्हणजे टफन्ड, कांच असेल तर तिला भोंक पाडतां येत नाहीं. तिचा पृष्ठभाग दाबाखालीं व गाभा ताणाखालीं असल्यामुळें पातें आंत शिरतांच तिचे बारीक तुकडे होतात. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरें पान ठेवून, पडदा व पोलराइज्ड चष्मा यांच्यामध्यें कांच धरून पाहावी. कडक केलेल्या कांचेंत गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. पुष्कळ पेट्यांच्या तळाची कांच अशी असते. आमच्या पेटीची मागील कांच साधी निघाली.

पेटी जाड घोंगडीवर आडवी निजविली. भोंकाची कड व कांचेची कड यांमध्यें निदान भोंकाच्या व्यासाइतकें अंतर राखून खूण केली. नळीच्या जोडाचें, म्हणजे बल्कहेडचें, माप आधींच घेतलें होतें. नळीपेक्षां जोडाचें अंग बरेंच मोठें असतें. पातें पोकळ नळकांड्यासारखें, कडेस हिऱ्याची पूड बसविलेलें. हिरा कांच कापीत नाहीं, झिजवितो. म्हणून येथें जोर कामाचा नाहीं, धीर कामाचा. मापाचें भोंक असलेली फळी कांचेवर आवळली, म्हणजे पातें घसरत नाहीं. भोंवतीं मातीचें आळें करून त्यांत पाणी घातलें. पाण्यानें कांच तापत नाहीं व कांचेची धूळ श्वासावाटे पोटांत जात नाहीं. ठोके देण्याचा खटका बंद ठेवून यंत्र मंदगतीनें चालविलें. वायर पाण्यापासून दूर होती आणि डोळ्यांवर चष्मा होता. पाणी ताकासारखें पांढरें होत गेलें. शेवटच्या मिलिमीटरास पुतण्यानें हाताचा भार जवळजवळ काढूनच घेतला, आणि आंतून लाविलेल्या चिकटपट्टीवर कांचेची वाटोळी चकती अलगद सुटून राहिली. जोड बसवितांना रबरी वायसर आंतल्या बाजूस ठेवून चाकी हातानेंच आवळली. पान्यानें आवळल्यास कांच तडकण्याचें भय असतें.

दुसरें भोंक किंचित् वरच्या पातळीवर ठेविलें होतें. पहिल्याच्या तोंडाशीं पान किंवा गोगलगाय अडकली तर पाण्यास वाट असावी, एवढ्यासाठींच तें.

इतकें झाल्यावर काकूंनीं प्रथमच तोंड उघडलें. “अरे, पण वीज गेली म्हणजे रे?” एवढेंच त्यांनीं विचारिलें. सर्वांच्या हरकतींत ही खरी. पंप थांबला तरी वरचें पाणी कोठीच्या कांठापर्यंत उतरतच राहणार. पुतण्यानें कागद घेतला. पंप चालू असतां पाणी त्या कांठाच्या २ सेंटिमीटर वर राहतें. तेवढेंच सुमारें ११ लिटर झालें. पाणी चढविणाऱ्या नळीचें तोंड कांठाखालीं ५ सेंटिमीटर बुडालें असेल, तर त्या वाटेनेंही पाणी उलट ओढलें जाऊन आणखी २७ लिटर उतरेल. म्हणून त्यानें नळीचें तोंड वर घेतलें, पाण्याच्या सपाटीलगत नळीस हवा शिरावयास एक बारीक छिद्र ठेविलें, आणि तरीही खालच्या टाकींत ४५ लिटरांची जागा रिकामी राखिली. “आणि दोन्हीं भोंकें तुंबलीं तर, आजी,” तो म्हणाला, “वर पेटीच्या कांठापर्यंत १६ लिटरांची जागा आहे. पंपाच्या कप्प्यांत त्याहून कमीच पाणी ठेवितों, म्हणजे पेटी सांडण्यापूर्वीं पंपच कोरडा पडेल.”

काकूंस आंकडे किती कळले हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु त्यांनीं प्रयोग करून दाखवावयास सांगितलें. त्यांच्यादेखत पंप बंद केला. खालचें पाणी पेन्सिलीच्या खुणेच्या बोटभर खालींच थांबलें. मग दोन्हीं भोंकें बुचांनीं बंद करून पंप चालविला. कप्पा आटून तो घरघरूं लागला, तरी वर थेंबही सांडला नाहीं. त्यानंतरच मासे आले. काकूंची खाट आहे तेथेंच आहे.

घरांतील वडिलांनीं तरुणांच्या बेतांस हरकत घ्यावी कीं नाहीं, याविषयीं अलीकडे पुष्कळ बोललें जातें. आमच्या मतें हरकत अवश्य घ्यावी. मात्र ती मोजून पाहतां येईल अशा प्रश्नाच्या रूपानें घ्यावी. ‘अभद्र आहे’ या शब्दांस उत्तर नसतें. ‘वीज गेली म्हणजे?’ या प्रश्नास असतें, आणि तें शोधतांना विचारणारा व उत्तर देणारा दोघेही निश्चिंत होतात. अधिक झालेल्या पाण्याची वाट कोठें असावी, हें आधीं शांतपणें ठरविलेलें बरें. तें ठरविलें नाहीं, तर पाणी आपली वाट आपणच काढतें.