बी.कॉम. कारकुनाची नेटवर्कची परीक्षा

सिस्को या अमेरिकन कंपनीची 'सीसीएनए' नावाची परीक्षा मी २०२४ च्या डिसेंबरमध्ये उत्तीर्ण झालो. तेव्हा वय ४४, शिक्षण बी.कॉम. आणि नोकरी एका पतसंस्थेत कारकुनाची. वस्तीतील पुष्कळांनी अभिनंदन केले, पण बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच होता, "दादा, हे नेमके आहे तरी काय, आणि आमच्या पोरांना जमेल का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणे होत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

कार्यालयातील संगणक एकमेकांशी कसे बोलतात, दुसऱ्या गावच्या शाखेकडे निरोप कोणत्या वाटेने जातो आणि तो अडला तर कोठे पाहायचे, हा या परीक्षेचा विषय. १९९८ पासून ती घेतली जाते. २०२० मध्ये तिचे स्वरूप बदलून १२० मिनिटांचा एकच पेपर झाला. बसण्यासाठी कोणत्याही पदवीची अट नाही. दार सर्वांना उघडे आहे. पण उंबरठा ३०० डॉलरचा आहे. त्याकडे पुढे येतो.

मला या विषयाकडे ओढले ते एका वायरीने. आमच्या संस्थेतील सारे संगणक एका सोमवारी एकदम ठप्प झाले. पैसे काढायला आलेल्या बाया दोन दिवस रिकाम्या हाताने परत गेल्या. तिसऱ्या दिवशी बाहेरून इंजिनिअर आला, टेबलाखाली वाकला, एक वायर उपसली आणि सर्व सुरू झाले. झाडलोटीत सुटलेले टोक कोणीतरी पुन्हा त्याच स्विचमध्ये खोचले होते. एका वायरीची दोन्ही टोके एकाच पेटीत गेल्यामुळे निरोप आतल्या आत फिरत राहिला, त्याच्या प्रती वाढत गेल्या आणि खऱ्या कामाला वाटच उरली नाही. या दुखण्यावर रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्येच उपाय शोधला होता. जादा वाट स्विचने आपणहून बंद ठेवायची आणि मुख्य वाट तुटली तरच उघडायची. आमच्या स्वस्तातल्या पेटीत ती सोय नव्हती. हे सारे मला अभ्यासात कळले. त्या दिवशी फक्त बिलाचा आकडा कळला.

अभ्यास अकरा महिने केला, पहाटे साडेचार ते सहा आणि रविवारची दुपार. जुन्या बाजारातून एक लॅपटॉप घेतला. 'पॅकेट ट्रेसर' नावाचा कार्यक्रम नाव नोंदवले की फुकट मिळतो. त्यात पडद्यावरच राउटर आणि स्विच मांडायचे, वायरी जोडायच्या, हुकूम टाइप करायचे. राउटरचे दार मुळात बंद असते. ते उघडायचे तर 'चालू हो' असा हुकूम नाही, 'नो शटडाउन' म्हणजे 'बंद राहू नकोस' असे म्हणावे लागते. इंग्रजीच्या असल्या आडवळणांनी माझा जास्त वेळ खाल्ला. इंग्रजी पुस्तकाचे एक पान मी दोनदा वाची, एकदा शब्दांसाठी आणि एकदा विषयासाठी.

सर्वांत घाबरवणारा भाग 'सबनेटिंग'चा. पण वाचकहो, तो निव्वळ हिशेब आहे. समजा, एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७७ असून पुढे '/२६' लिहिले आहे. पत्ता एकंदर ३२ घरांचा असतो. त्यातील २६ घरे चाळीच्या नावात गेली, ६ उरली. दोनाचा सहावा घात ६४, म्हणून प्रत्येक चाळीत ६४ क्रमांक. चाळी सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ पासून. आपला ७७ हा दुसऱ्या चाळीतला. तिचा पहिला क्रमांक ६४ हे चाळीचेच नाव, शेवटचा १२७ हा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी. राहायला उरल्या ६२ खोल्या. एवढे कागद न घेता अर्ध्या मिनिटात करता आले की भीती गेली.

माझी थोरली मुलगी त्या वर्षी बारावीला होती. आई भाकरी थापीत असताना ती मला आकडे टाकी, "पप्पा, १५०, /२७?" मी म्हणे, "चाळ १२८ ची, शेवट १५९." आधी माझ्यापाशी कागद असे, पुढे पुढे तीच कागद घेऊन ताळा करू लागली.

राउटरचे काम तर मला घरचेच वाटले. आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला ते कळतेच. पत्रावर गल्लीचे नाव असेल तर आपण ते नुसत्या शहराच्या थैलीत टाकीत नाही. राउटरही जी नोंद सर्वांत नेमकी तीच धरतो. एकाच ठिकाणची वाट दोघांनी सांगितली तर कोणाचे खरे मानायचे, त्याचेही आकडे ठरलेले आहेत. स्वतःच्या दारातील वाट ०, माणसाने हाताने लिहिलेली १, ओएसपीएफने कळवलेली ११०, रिपने कळवलेली १२०. आकडा लहान, तितका विश्वास मोठा.

आता फी. करासह रक्कम ३० हजारांच्या घरात गेली, म्हणजे माझ्या पगारापेक्षा जास्त. नापास झाल्यास पुन्हा तेवढीच. घरात एवढे पैसे एकाच ठिकाणी होते, पत्नीच्या भिशीत, आणि ते मुलीच्या पुढच्या प्रवेशासाठी धरलेले. मी विषय काढला नाही, तिनेच काढला. "अहो, प्रवेश जूनमध्ये आहे. तोवर मी ओव्हरटाइम करीन. तुम्ही तारीख घ्या," ती म्हणाली. ती शिलाईच्या कारखान्यात आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरे.

परीक्षा पुण्याच्या केंद्रात झाली. घड्याळ, पाकीट, रुमालसुद्धा बाहेर ठेवावा लागला. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असे आधी कबूल करून घेतात, म्हणून सांगत नाही. एवढे मात्र सांगतो की एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. आपल्याला लहानपणापासून सवय 'सोपे आधी, अवघड नंतर' अशी. ती येथे चालत नाही. निकाल तेथेच पडद्यावर आला. घरी फोन केला तर पत्नी मशीनवर होती, फोन मुलीने घेतला आणि आधी विचारले, "सबनेटिंग किती आले?"

लाभ काय झाला, तेही सांगायला हवे. पगार वाढला नाही. संस्थेने नेटवर्कच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली आणि बाहेरच्या इंजिनिअरची बिले थांबली. चाळिशीच्या माणसाला कंपन्या नवशिक्याच्या जागी घेत नाहीत. विशीतल्या मुलांना ही परीक्षा अधिक उपयोगी, तीही हाताने सराव केला असेल तरच. 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावणाऱ्या क्लासवर माझा विश्वास नाही. जुने प्रश्न विकणारेही आहेत; त्यांच्या नादाने प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. मुदत तीनच वर्षांची असल्याने २०२७ च्या डिसेंबरपूर्वी मलाही पुन्हा अभ्यासाला बसावे लागेल.

सध्या रविवारी दुपारी तो लॅपटॉप आमच्या अभ्यासिकेत असतो. दोन मुली आणि एक रिक्षाचालक तरुण शिकायला येतात. त्यातली एक मुलगी आता माझ्यापेक्षा लवकर चाळ सांगते. तिची तयारी उन्हाळ्यापर्यंत पुरी होईल. तिच्या ३० हजारांसाठी आम्ही दहा जणांनी वेगळी भिशी लावली आहे. पहिला हप्ता गेल्या रविवारी जमा झाला.