मामाची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसली!

ठिपक्याला खूण जुळवली, हलकेच फिरवली, आणि खट्! बसली. मामाच्या कपाटातली ५० एमएमची लेन्स, आणि कॅमेरा माझा, परवाच सेकंडहँड घेतलेला पेंटॅक्स के-७०. स्विच चालू केला तर पडद्यावर प्रश्न उमटला: फोकल लेन्थ किती? माझ्या अंगावर काटाच आला. या लेन्समध्ये एकही इलेक्ट्रॉनिक तार नाही, आपण कोण हे ती कॅमेऱ्याला सांगू शकत नाही. म्हणून कॅमेरा मला विचारतोय! मी ५० वर आणून ओके दाबलं.

मामा लग्नांचे फोटो काढायचा तो पेंटॅक्स के-१००० वर. तो कॅमेरा १९७६ साली आला आणि वीसेक वर्षं बनत राहिला. सगळं यांत्रिक, सेल लागायचा तो फक्त लाइट मीटरला. त्याच्या आधीच्या वर्षी, १९७५ मध्ये, पेंटॅक्सने के माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जोडणी, आणला आणि आजतागायत तोच ठेवला. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला आणि जुन्या एफडी लेन्सेस नव्या बॉडीवर बसेनाशा झाल्या. निकॉनने १९५९चा एफ माउंट जपला खरा, पण डी ५६०० सारख्या परवडणाऱ्या बॉडीवर जुनी मॅन्युअल लेन्स लावली की मीटर चालत नाही, उजेडाचा अंदाज आपला आपणच घ्यायचा. माझ्या पेंटॅक्सवर मात्र एकदा मेनूत जाऊन अ‍ॅपर्चर रिंग वापरायची परवानगी द्यायची, एम मोड लावायचा आणि अंगठ्याजवळचं हिरवं बटण दाबायचं. आत बारीक टिक् असा आवाज होतो, लेन्सची पाती क्षणभर मिटतात, कॅमेरा उजेड मोजतो आणि शटर स्पीड आपोआप लागतो. फोकस हातानं करायचा, आणि तो जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल ठिपका पेटतो. मी नुसती ते बटण दाबत बसले होते. टिक्. टिक्.

खरी कमाल तर दिवेलागणीला झाली. मामीनं देवापाशी निरांजन लावलं, खोलीत दुसरा दिवा नव्हता. लेन्स पूर्ण उघडी, एफ २ वर. शटर १/८ सेकंद. इतक्या वेळात माझा हात हलणारच. श्वास रोखून बटण दाबलं, फोटो मोठा करून पाहिला, तर मामीच्या भुवईचा केस न् केस वेगळा! हे कसं शक्य झालं? सेन्सर आत घट्ट बसवलेलाच नाही. चुंबकाच्या जोरावर तो तरंगतो, आणि माझा हात जिकडे हलेल त्याच्या उलट दिशेला सरकून धक्का गिळतो. मघाशी विचारलेली फोकल लेन्थ यासाठीच हवी होती, किती सरकायचं ते त्यावर ठरतं.

कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ही सोय लेन्समध्ये असते. म्हणजे प्रत्येक लेन्स घेताना तिचे पैसे पुन्हा मोजा, आणि जुन्या लेन्सला ती कधीच मिळणार नाही. डीएसएलआरच्या बॉडीत ती आणण्याचा पहिला मान कोनिका मिनोल्टाचा, २००४ सालचा. पेंटॅक्सने २००६ मध्ये के१००डी सारख्या स्वस्त कॅमेऱ्यात ती दिली. कॅननच्या बॉडीत ती आली २०२० मध्ये, मिररलेस आर ५ आणि आर ६ बरोबर!

आणि एकदा सेन्सर हलवता येतोय म्हटल्यावर या लोकांनी त्याच्याकडून काय काय करून घेतलंय! क्षितिज तिरकं आलं तर तो स्वतः किंचित वळून ते सरळ करतो. ट्रायपॉडवर ठेवला तर एकेक पिक्सेल सरकत चार फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. एरवी प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग दिसतो, इथे तिन्ही मिळतात. पैठणीच्या पदराचा असा फोटो काढून पाहिला, जरीचा धागा मोजता येतो. वर जीपीएसचं वेगळं यंत्र बसवलं तर हाच सेन्सर ताऱ्यांच्या मागे मागे सरकतो आणि लांब एक्स्पोजरमध्येही ते ठिपकेच राहतात, रेघा होत नाहीत. ते यंत्र अजून घ्यायचंय.

आता पैशांचं. २०१६ मध्ये के-७० ची बॉडी अमेरिकेत साधारण ६५० डॉलरला आली, त्याच वर्षीची निकॉन डी ५६०० सुमारे ७०० डॉलरला. दोन्ही २४ मेगापिक्सेल. पण निकॉनचा व्ह्यूफाइंडर आरशांचा, चौकटीचा ९५ टक्के भाग दाखवणारा. पेंटॅक्सचा अख्ख्या काचेच्या प्रिझमचा, पूर्ण १०० टक्के. शिवाय पावसापाण्यापासून सील केलेली बॉडी. निकॉनमध्ये ते सील हवं तर तेव्हा डी ७२०० घ्यावा लागायचा, आणि तो आला होता १२०० डॉलरला. फुल फ्रेममध्ये तर फरक आणखी डोळ्यांत भरतो: ३६ मेगापिक्सेलची के-१ आली १८०० डॉलरला, तेवढ्याच मेगापिक्सेलची निकॉन डी ८१० तिच्या दोन वर्षं आधी ३३०० डॉलरला.

पळत्या मुलांचे, पक्ष्यांचे, क्रिकेटचे फोटो काढायचे असतील तर मात्र निकॉनच घ्या. डी ५६०० चे फोकस पॉइंट ३९, के-७० चे ११. वजनही याचं जास्त, पण हातात धरल्यावर मला ते आवडलं.

आणि हो, पावसात नेताना लेन्सही डब्ल्यूआर अक्षरांची हवी, नुसती बॉडी सील असून भागत नाही. मामाची लेन्स घाटातल्या धारांखाली न्यायची नाही. आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या लेन्सला बुरशी धरते, म्हणून विकत घेण्याआधी मागून टॉर्च मारून काच नीट बघायची. मामानं कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या, म्हणून ही वाचली.

जेवणं झाल्यावर कॅमेरा मामाच्या हातात दिला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला, अ‍ॅपर्चरची रिंग न बघता फिरवली. बोटांना सगळं ठाऊक होतं. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, हे तर माझंच आहे."

आणि उठला, स्टुलावर चढला. "थांब. वरच्या ट्रंकेत १३५ ची पण आहे."

खट्. कॅमेऱ्यानं पुन्हा विचारलं. या वेळी आकडा मामानं भरला.