धुळीआडचे तारे

गेल्या शुक्रवारी रात्री ताईचा फोन. "पोरगी म्हणतेय खगोलशास्त्रात पीएचडी करायची. तू जरा समजाव तिला. तुझं ऐकेल."

मी काय समजावणार, कप्पाळ! मी स्वतः फिजिक्समध्ये एमएस्सी केलेला आणि पहिली नोकरी लागताच पुस्तकं माळ्यावर टाकून कोड लिहायला बसलेला माणूस. ताईच्या मते म्हणूनच या कामाला मी एकदम लायक. असो. "बघतो" म्हटलं.

शनिवारी भाची आली. थेट विषयाला हात घालायची हिंमत होईना, म्हणून म्हटलं, आधी एक गंमत दाखवतो. 'गॅलेक्स' ही नासाची दुर्बीण २००३ साली वर गेली आणि २०१३ मध्ये बंद झाली. पण तिने टिपलेली अतिनील चित्रं आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ती अवकाशात पाठवावी लागली, कारण हा प्रकाश आपलं वातावरण खाली येऊच देत नाही. आम्ही एम ५१ उतरवली. साधारण ३ कोटी प्रकाशवर्षांवरची सर्पिल दीर्घिका. सर्पिल आकार सगळ्यात आधी दिसला तो हिच्यातच, १८४५ साली लॉर्ड रॉसना.

आता अतिनीलच का? तर मोठे तारे भयंकर तापलेले असतात आणि त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. पण इंधन असं उधळल्यावर टिकणार किती? आपल्या सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. यातले सगळ्यात दांडगे तारे ३०-४० लाख वर्षांत आटोपतात. म्हणजे जिथे अतिनील चमकतंय, तिथे गेल्या १० कोटी वर्षांत कधीतरी बारसं झालंय असं समजायचं.

चित्र उघडलं. सर्पिल हात झगझगीत निळे. पण शेजारची एनजीसी ५१९५ जवळजवळ गायब! साध्या फोटोत ती चांगली ठळक दिसते. मला वाटलं, माझ्याच पायथन स्क्रिप्टमध्ये बग आहे. अर्धा तास शोधत बसलो. शेवटी भाची म्हणाली, "मामा, बग नाहीये. तिथले बहुतेक तारे म्हातारे झालेत."

मग मी हात धुऊन मागे लागलो. प्रत्येक चौकोनातला प्रकाश मोजला, सूत्र लावलं आणि मोठ्या ऐटीत दरवर्षी किती वस्तुमानाचे तारे जन्मतात त्याचा आकडा काढला. हातांमधल्या काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवून म्हटलं, "बघ, इथे काहीच घडत नाहीये."

"आणि धूळ?" ती म्हणाली.

झालं! त्या काळ्या पट्ट्या म्हणजे वायू आणि धुळीचे ढग, तारे घडायचा कच्चा माल. नवे तारे जन्मतात तेच मुळी धुळीत गुरफटलेले. धूळ त्यांचं अतिनील गिळते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. म्हणून खरा हिशेब हवा तर दोन्ही मोजून बेरीज करायची. २००५ साली डॅनिएला कॅल्झेटी आणि सहकाऱ्यांनी याच एम ५१ वर गॅलेक्सच्या जोडीला स्पिट्झर दुर्बिणीची अवरक्त निरीक्षणं ठेवून ताऱ्यांचा जन्मदर अभ्यासला होता. हे मला भाचीकडून कळलं :-)

खरं तर मला कळायला हवं होतं. सर्व्हरचा लॉग रिकामा दिसला म्हणून निवांत झोपलो आणि पहाटे तीनला फोन खणखणला, असं माझं दोनदा तरी झालंय. लॉग रिकामा असला म्हणजे सर्व्हर शांत असतोच असं नाही. कधीकधी लॉग आपल्यापर्यंत पोचतच नाही.

नंतर चहा पिताना मी तिला खरं तेच सांगितलं. वर्षं बरीच जातात, पैसे कमी मिळतात, बरोबरीची पोरं गाड्या घेतात. "माहितीये," ती म्हणाली आणि एस्ट्रोसॅटबद्दल बोलायला लागली. २०१५ साली इस्रोने सोडलेल्या या उपग्रहावरची अतिनील दुर्बीण गॅलेक्सपेक्षा तिपटीने बारीक बघते, तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे, आणि हिला त्यातलीच चित्रं तपासायचीत.

रात्री ताईचा फोन. "समजावलंस?"

"हो. जाऊ दे तिला."

बराच वेळ ताई काही बोलली नाही. फोन ठेवला नाही एवढंच. मीही काही गृहीत धरलं नाही.

काल माळ्यावरची पुस्तकं खाली काढली. त्यांच्यावर चांगली बोटभर धूळ होती.